लहरी सर्वांच्या, परवाना ज्याचा त्याचा

जव्हार-मोखाड्याच्या घाटात रस्त्याचे काम चालू आहे असे समजा. ठेकेदाराने दोन टोकांच्या मुकादमांना वॉकी-टॉकी दिले. तुम्ही म्हणाल, यंत्र विकत घेतले, आता परवाना कशाला?

याचे कारण असे, की यंत्र आपले असले तरी लहरी सर्वांच्या असतात. एकाच कंपनसंख्येवर दोघे बोलू लागले, की दोघांचेही धड ऐकू येत नाही. त्यांतला एक निरोप पोलिसांचाही असू शकतो. म्हणून १९३३ च्या कायद्यानेच विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगण्यास मनाई केली. व्यवसायांना कंपनसंख्या नेमून देते ती दिल्लीची, १९५२ साली स्थापन झालेली बिनतारी नियोजन व समन्वय शाखा.

सवलतही आहे बरे का! ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये चालणाऱ्या, अर्ध्या वॅटपर्यंतच्या मान्यताप्राप्त हातयंत्राला परवाना लागत नाही. मोकळ्या माळावर ते पुरते. पण त्याची लहर डोंगराला वळसा घालीत नाही. मग जास्त ताकदीचे यंत्र किंवा टेकडीवर पुनःप्रक्षेपक हवासा वाटतो. तो घेण्याआधी अर्ज करावा. दुकानदाराची पावती म्हणजे परवाना नव्हे.