दूरचित्रवाणीवरील पाठ आणि क्यूआर कोड

वर्गात शिकविणारा शिक्षक प्रश्न विचारून थांबतो, मुलांचे चेहरे पाहतो आणि कोणास विषय समजला नाही हे ताडतो. दूरचित्रवाणीवरील शिक्षकास ही सोय नसते. २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिकेने पाठ घरोघरी पोचविले. परंतु मुलाचे उत्तर त्याच पडद्यातून परत येण्यास वाट नव्हती. ही वाट क्यूआर कोडाच्या साहाय्याने काही अंशी करून देता येते.

हा कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा यांनी मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन पाहून मोबाइलला कोडाची दिशा कळते. उरलेल्या काळ्या-पांढऱ्या घरांत बहुधा संकेतस्थळाचा पत्ता साठविलेला असतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतील कोड शिक्षकांच्या परिचयाचे आहेतच. परितेवाडी (जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांस कोड जोडण्याचा प्रयोग केला व २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

पुस्तकातील कोड जागचा हलत नाही. पडद्यावरील कोड मात्र क्षणात नाहीसा होतो. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१. कोड वाचावयाच्या अंतराच्या साधारण एकदशांश रुंदीचा तो असावा, असा ठोकताळा आहे. दहा फुटांवर बसलेल्या मुलास एक फूट रुंदीचा कोड लागेल. लहान पडद्यावर हे शक्य नसल्याने मोबाइल जवळ न्यावा लागतो व त्यात वेळ जातो.

२. कार्यक्रमात कोड नसल्यास शिक्षकाने गूगल फॉर्मवर चार-पाच प्रश्न तयार करावेत व त्याचा कोड कागदावर छापून संचाशेजारी लावावा. फॉर्ममध्ये मुलाचा हजेरी क्रमांक पुरे; दूरध्वनी क्रमांक मागू नये.

३. सर्वांनी एकाच वेळी कोड वाचण्याचा आग्रह धरू नये. २०२२ साली अमेरिकेत सुपर बोल सामन्याच्या वेळी कॉइनबेस कंपनीने दूरचित्रवाणीवर एक मिनिट केवळ कोड दाखविला. इतके प्रेक्षक एकदम आले की तिचे संकेतस्थळ काही काळ बंद पडले. गावातील दुर्बळ नेटवर्कवर थोड्या मोबाइलांनीही अडचण होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो व तो वडिलांबरोबर शेतावर जातो. अशा मुलाचे उत्तर नोंदले गेले नाही, तर त्याला पाठ समजला नाही हे कोणास कळणारच नाही, आणि तेच मूल मागे राहील. यास्तव पाच-सहा मुलांचा गट करून प्रत्येक गटास एक मोबाइल द्यावा. तेही न जमल्यास तेच प्रश्न फळ्यावर लिहून उत्तरे चिठ्ठीवर घ्यावीत व मोबाइलवर आलेल्या उत्तरांबरोबरच तपासावीत.

दुसऱ्या दिवशी कोणता प्रश्न अधिक मुलांचा चुकला हे पाहून पाठाचा तेवढाच भाग पुन्हा शिकवावा. उत्तरे गोळा करून ती तशीच पडून राहिली, तर कोडाचा हा सर्व खटाटोप व्यर्थ होय.

— विस्तार अधिकारी (शिक्षण)