उंचावरच्या वाळवंटातले मातीचे घर

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातले सांता फे शहर सुमारे 2100 मीटर उंचीवर, कोरड्या पठारावर वसले आहे. सुट्टीपुरते घर घेणाऱ्यांना तिथल्या मातीच्या घरांचे आकर्षण वाटते. विरळ, कोरड्या हवेमुळे दिवसा ऊन कडक, तर रात्री जमीन झपाट्याने निवते. कच्च्या विटांच्या जाड भिंतीतून दिवसाची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते.

आम्ही मात्र आधी गिलावा पाहू. (त्याआधी, भिंत खरेच मातीची आहे का तेही! 1957 च्या नियमाने शहराच्या जुन्या भागात पारंपरिक शैली राखावी लागते. पण लाकडी सांगाड्यालाही तसे रूप देता येते.) सिमेंटच्या गिलाव्याला भेगा पडतात. त्यांतून शिरलेले पाणी सहज सुकत नाही आणि आतल्या विटांचा चिखल होतो. मातीच्या गिलाव्यातून ओल सुकून जाते, पण तो वरचेवर लिंपावा लागतो. उत्तरेकडच्या रँचोस दे ताओस येथील जुन्या चर्चला 1967 मध्ये सिमेंटचा गिलावा केला. 1979 मध्ये तो काढून पुन्हा माती लिंपावी लागली. तिथे लिंपायला गावकरी होते. वर्षातले बरेच महिने कुलूपबंद राहणाऱ्या घराची ओल कुणाच्या लक्षात येणार? तेव्हा व्यवहारापूर्वी जमिनीलगतची भिंत जाणकाराकडून तपासून घ्यावी आणि दरवर्षी लिंपणारा माणूसही आधीच शोधावा.