घर वाढतं तेव्हा तत्त्व हरतं का?

आधुनिक घराची तत्त्वं शोधायला गेलात की सगळ्यात आधी ल कॉर्ब्युझिए भेटतो. खांबांवर उचललेलं घर, मोकळा आराखडा, मोकळा दर्शनी भाग, आडव्या लांब खिडक्या, गच्चीवर बाग. पाठ करायला सोपं आहे. पण संशोधन करायचं असेल तर तत्त्वाकडे एक दावा म्हणून बघा: असं बांधलं तर माणसं असं राहतील. मग तो दावा तपासता येतो.

त्यासाठी मला बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज जास्त उपयोगाचं वाटतं. चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात केलेली ही वसाहत. सुमारे ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं, असे तीन गट मिळून २१ घरांचं मोठं अंगण. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे उत्पन्नात कितीही फरक असला तरी जागेत दुपटीचाही नाही! आणि मुख्य गोष्ट, कुठलंच घर शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेलं नाही. का? शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता यावी म्हणून.

आमच्या जळकोटकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. स्लॅब पडला तरी वर सळया सोडलेल्या असतात, पोराच्या लग्नापर्यंत वरचा मजला होईल या हिशोबानं. कोरियांनी हाच हिशोब आराखड्यात आधीच धरला.

आता बेलापुरात गेलात तर उतरती कौलारू छपरं असलेली मूळ घरं थोडी दिसतील. बरीच पाडून तिथे आरसीसीचे मजले चढलेत. मग प्रयोग फसला का?

इथे घाई करू नका. तुमचा प्रश्न ‘मूळ रूप टिकलं का’ असा असेल तर उत्तर बरंचसं नाही. ‘घर कुटुंबाबरोबर वाढलं का’ असा असेल तर हो, आणि जरा जास्तच. माझ्या मते दुसरा प्रश्न न्याय्य आहे, कारण वाढ हाच मूळ दावा होता. पण तिसराही एक आहे: घरं उंच झाल्यावर त्या ८ मीटरच्या अंगणात ऊन आणि वारा किती उरला? याला मत चालत नाही. मोजपट्टी, लक्समीटर आणि निदान एक हिवाळा, एक उन्हाळा लागतो. प्रस्तावात हा तिसरा प्रश्न लिहा.