त्रिकोणाच्या क्षेत्रफळातील ‘अर्धा’ येतो कुठून?

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे सूत्र विचारले, तर बरीच मुले एका दमात सांगतात : अर्धा गुणिले पाया गुणिले उंची. त्याच मुलांना ३, ४ आणि ५ सेंमी बाजूंचा काटकोन त्रिकोण दिला, की काही वह्यांत ६ चौसेमी हे बरोबर उत्तर येते, तर काही वह्यांत १०. दुसऱ्या उत्तरात ५ सेंमीची तिरपी बाजू पाया आणि ४ सेंमीची बाजू उंची मानलेली असते. गुणाकार बिनचूक असतो. सूत्रातली ‘उंची’ म्हणजे काय आणि ‘अर्धा’ कशाचा, एवढेच मुलाला उमगलेले नसते. ही उणीव तशीच राहिली, तर पुढे समलंब चौकोनापासून त्रिकोणमितीपर्यंत ती पाठ सोडत नाही.

म्हणून सुरुवात सूत्राऐवजी चौकटीच्या वहीपासून करावी. क्षेत्रफळ म्हणजे आकृतीने व्यापलेली जागा आणि ती मोजायची लहान चौरसांनी, हे मुलांना आयतामुळे ठाऊक असते. ८ चौकटी लांब व ५ चौकटी उंच आयतात ४० चौरस बसतात. हा आयत कागदावर काढून कर्णावर कापला, की दोन काटकोन त्रिकोण हाती येतात. एक फिरवून दुसऱ्यावर ठेवला, तर तो तंतोतंत बसतो. प्रत्येकाच्या वाट्याला २० चौरस येतात, हे मग मूलच सांगते.

यानंतर तसाच आयत पुन्हा काढून त्याच्या वरच्या बाजूवर कोठेही एक बिंदू घ्यावा, समजा डाव्या कोपऱ्यापासून ३ चौकटींवर. तो खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी जोडला, की मधोमध एक त्रिकोण तयार होतो. बिंदूपासून खाली सरळ लंब टाकला, तर आयताचे दोन भाग पडतात : एक १५ चौरसांचा, दुसरा २५ चौरसांचा. त्रिकोणाने दोन्ही भागांचा निम्मा हिस्सा घेतलेला असतो, म्हणजे साडेसात आणि साडेबारा. बेरीज पुन्हा २०. बिंदू डावीकडे वा उजवीकडे सरकवला, तरी उत्तर बदलत नाही. कापून उरलेले दोन कोपरे त्रिकोणावर मांडले, तर तो पूर्ण झाकला जातो. सूत्रातला ‘अर्धा’ मुलांना येथे डोळ्यांनी दिसतो.

खरी कसोटी विशालकोन त्रिकोणाची. त्यात शिरोबिंदू पायाच्या बाहेर झुकलेला असतो आणि लंब त्रिकोणाच्या आत पडतच नाही. पाया ४, उंची ५ आणि लंबाचा पाय पायाच्या टोकापासून २ चौकटी पुढे, असा त्रिकोण घ्यावा. पाया लंबापर्यंत वाढवला, की ६ पायाचा मोठा काटकोन त्रिकोण होतो. त्याचे क्षेत्रफळ १५. त्यातून २ पायाचा लहान काटकोन त्रिकोण वजा केला, त्याचे ५. उरतात १०, म्हणजे ४ आणि ५ यांच्या गुणाकाराचे निम्मे. उंची आकृतीच्या बाहेरही असू शकते, हे मुलांना एकदा पटले, की तिरपी बाजू उंची म्हणून धरण्याची सवय सुटू लागते.

जुने गणिती या बाबतीत काटेकोर होते. इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या ‘आर्यभटीया’त हाच नियम आहे. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त पायाला ‘भूमी’ आणि उंचीला ‘लंब’ म्हटले. शिक्षकांनी हे शब्द वर्गात जरूर वापरावेत. ‘उंची’ ऐकून मूल वर जाणारी कोणतीही रेघ निवडते. ‘लंब’ म्हटले, की काटकोन शोधावा लागतो. गुण्या हाती देऊन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना आळीपाळीने भूमी मानायला सांगावे. आरंभीच्या त्रिकोणात ५ सेंमीची बाजू भूमी धरली, तर लंब २.४ सेंमी भरतो आणि उत्तर ६ चौसेमीच येते. शिवाय ३ व ४ सेंमी बाजूंच्या आयताचेच क्षेत्रफळ १२ चौसेमी असते. त्याचा निम्मा भाग १० कसा असेल, हा प्रश्न मुलाला स्वतःची चूक स्वतः पकडायला शिकवतो.

गोव्यातील घरांत यासाठी चतुर्थीसारखी दुसरी संधी नाही. पताकांसाठी घोटीव कागदाची ६० सेंमी लांब, २० सेंमी रुंद पट्टी घ्यावी. पताकेचा पाया १५ सेंमी, उंची २० सेंमी. एका पताकेला १५० चौसेमी कागद लागतो आणि पट्टी १,२०० चौसेमीची, तेव्हा पताका आठ व्हाव्यात. एक सुलटी, एक उलटी अशा नागमोडी कापल्या, तर प्रत्यक्षात सात अखंड पताका मिळतात आणि दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या उरतात. त्या दोन अर्ध्या जोडल्या, की आठवी तयार होते.

या साऱ्याला वर्गातले दोन-तीन तास अधिक लागतात आणि अभ्यासक्रमाच्या घाईत ते काढणे शिक्षकांना सोपे नसते. तरीही ते सार्थकी लागतात. परीक्षेत ऐनवेळी सूत्र आठवले नाही, तरी आयत काढून तो निम्मा करणारे मूल उत्तरापर्यंत पोहोचते. पालकांनीही घरी सूत्र म्हणून घेण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा : “यातला अर्धा कशाचा?” मुलाने कागद आणि कात्री मागितली, तर त्याला गणित समजले आहे असे खुशाल मानावे.