सहा संघ, पंधरा सामने

पावसाळा सरला, रब्बीच्या पेरण्या आटोपल्या आणि सकाळच्या हवेत गारवा जाणवू लागला, की गावोगावच्या शाळांना खेळांच्या स्पर्धांचे वेध लागतात. मैदानावरचे गवत काढले जाते, फक्कीने रेषा आखल्या जातात आणि कबड्डीचा दम घुमू लागतो. खेळाडू सरावात गुंतलेले असतात, तेव्हा शाळेच्या एखाद्या खोलीत कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसलेले असते. कोणता संघ कोणाशी, कोणत्या दिवशी व कोणत्या मैदानावर खेळेल, हे त्याला ठरवावयाचे असते. त्याच्या या कामाकडे प्रेक्षकांचे लक्ष जात नाही. परंतु ते चुकले तर उत्तम खेळाडूंची स्पर्धाही विस्कटून जाते.

हे काम आज तुमच्यावर सोपवले आहे, अशी कल्पना करा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, गोदावरीच्या उत्तरेला, गंगापूर तालुका आहे. या तालुक्यातील सहा गावांचे संघ गंगापूरला जमले आहेत असे समजू. तालुक्याचे ठिकाण असलेले गंगापूर, रेल्वे स्थानकाचे लासूर, कारखान्यांमुळे नावारूपाला आलेले वाळूज, प्रवरा व गोदावरी यांच्या संगमाजवळचे कायगाव, आणि शेंदूरवादा व भेंडाळा ही ती सहा गावे. मैदाने तीन आहेत. एका संघाने एका दिवसात एकच सामना खेळावयाचा आहे. तर सामने किती होतील, आणि दिवस किती लागतील?

याचे उत्तर आपण कोणती पद्धत स्वीकारतो यावर अवलंबून आहे. स्पर्धेच्या मुख्य पद्धती दोन. पहिली बाद पद्धत. तीत जो हरला तो स्पर्धेबाहेर गेला. या पद्धतीचे गणित अगदी सोपे आहे. प्रत्येक सामन्यात नेमका एक संघ बाद होतो. सहा संघांतून एक विजेता उरावयाचा, तर पाच संघ बाद झाले पाहिजेत. म्हणून सामने पाच. संघ कितीही असोत, त्या संख्येतून एक वजा करावा, की सामन्यांची संख्या मिळते. सन २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांची बुद्धिबळ विश्वचषक स्पर्धा याच पद्धतीने झाली. तीत १०७ खेळाडू होत्या. विजेती ठरण्यासाठी १०६ जणींनी बाद व्हावयास हवे, म्हणून लढती १०६. त्या सर्व चाळण्यांतून शेवटी उरली ती आपल्या नागपूरची दिव्या देशमुख.

बाद पद्धत झटपट संपते, परंतु तिच्यात एक कठोरपणा आहे. भेंडाळ्याची मुले पहाटे उठून आली, पहिल्याच दिवशी एका गुणाने हरली, की त्यांनी परतीची वाट धरावयाची. कदाचित दुसऱ्या दिवशी ती जिंकलीही असती! म्हणून जेथे वेळ व साधने असतील, तेथे दुसरी पद्धत स्वीकारतात. ती म्हणजे साखळी पद्धत. तिचा नियम एका ओळीत सांगता येतो: प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे. कोणी एका पराभवाने बाहेर जात नाही आणि कोणाला सोपा प्रतिस्पर्धी मिळाल्याचे समाधान किंवा दुःख होत नाही. सर्वांपुढे सारखीच परीक्षा असते.

आता साखळी सामने मोजू. प्रत्येक संघाला उरलेल्या पाच संघांशी खेळावयाचे आहे. संघ सहा, प्रत्येकाचे सामने पाच. म्हणजे सहा पंचे तीस. परंतु जरा थांबा. गंगापूरच्या पाच सामन्यांत ‘गंगापूर विरुद्ध लासूर’ हा सामना आपण मोजला आणि लासूरच्या पाच सामन्यांत ‘लासूर विरुद्ध गंगापूर’ हा पुन्हा मोजला. सामना तर एकच! प्रत्येक सामना असा दोनदा मोजला गेला आहे. म्हणून तीसला दोनाने भागावे. सामने होतात पंधरा.

खात्री करून घ्यावयाची असेल, तर दुसऱ्या रीतीने मोजा. संघ एकामागून एक मैदानावर येत आहेत असे समजा. पहिला आला तेव्हा खेळावयास कोणीच नव्हते. दुसरा आला, एक सामना ठरला. तिसरा आला, त्याचे आधीच्या दोघांशी दोन सामने ठरले. चौथ्याचे तीन, पाचव्याचे चार, सहाव्याचे पाच. एक, दोन, तीन, चार व पाच यांची बेरीज पंधराच येते. दोन निरनिराळ्या वाटांनी आपण एकाच उत्तरापाशी पोहोचलो, म्हणजे वाट चुकली नाही.

वस्तूंच्या जोड्या किंवा गट किती होतील, हे मोजण्याची विद्या आपल्या भूमीत फार जुनी आहे. गंगापूरशेजारच्या खुलताबाद तालुक्यात वेरूळची लेणी आहेत. तेथील कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी कोरले गेले. त्याच राष्ट्रकूट घराण्यातील अमोघवर्ष राजाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्य नावाचे गणिती होऊन गेले. आपल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात त्यांनी अनेक वस्तूंतून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा नियम सांगितला आहे. पुढे सन ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. त्यातील ‘लीलावती’ या भागात अशाच निवडीचे एक रुचकर उदाहरण आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट असे सहा रस. त्यांतले एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे रस एकत्र करून पदार्थांचे किती प्रकार होतील, असा तो प्रश्न. त्यांपैकी दोन-दोन रसांचे प्रकार होतात पंधरा. सहा रसांच्या जागी सहा संघ ठेवा. आपल्या स्पर्धेचे सामनेही पंधराच! गणिताची ही मोठीच गंमत आहे. वस्तू बदलतात, मोजणी बदलत नाही. याच भास्कराचार्यांच्या विद्येचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख कन्नडच्या घाटाखाली, चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला. तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे.

सामने मोजून झाले. आता दिवस ठरवू. प्रत्येक संघाला पाच सामने खेळावयाचे आहेत व दिवसाला एकच खेळावयाचा आहे. म्हणून पाच दिवसांपेक्षा कमी वेळात स्पर्धा संपणे शक्य नाही. पाच दिवसांत मात्र ती संपेल का? रोज तीन मैदानांवर तीन सामने, पाच दिवसांत पंधरा. हिशेब तर जुळतो.

परंतु घाईने आखणी करणारा येथेच फसतो. समजा, त्याने संघांचे दोन गट केले. एका गटात गंगापूर, लासूर व वाळूज. दुसऱ्या गटात कायगाव, शेंदूरवादा व भेंडाळा. पहिले तीन दिवस त्याने एका गटातील संघ दुसऱ्या गटातील संघांशी खेळवले. तीन दिवसांत नऊ सामने अगदी सुरळीत पार पडले. चौथ्या दिवशी मात्र तो अडला. आता उरले ते गटातल्या गटातील सामने. गंगापूर व लासूर खेळू लागले, की वाळूजला खेळावयास कोणी नाही. दुसऱ्या गटातही तोच प्रकार. रोज दोन संघ नुसते बसून राहणार आणि तिसरे मैदान रिकामे पडणार. उरलेल्या सहा सामन्यांना तीन दिवस लागले व पाच दिवसांची स्पर्धा सहा दिवसांची झाली. मुलांच्या मुक्कामाचा व जेवणाचा एक दिवस वाढला, शाळेचा एक दिवस बुडाला. खेळाडूंची यात काही चूक नव्हती. चूक पहिल्या दिवशीच कागदावर झाली होती, ती दिसली मात्र चौथ्या दिवशी.

ही अडचण टाळण्याची एक सुंदर युक्ती आहे. संघांना अनुक्रमे क्रमांक द्या: गंगापूर १, लासूर २, वाळूज ३, कायगाव ४, शेंदूरवादा ५ आणि भेंडाळा ६. वरच्या ओळीत डावीकडून १, २, ३ लिहा. त्यांच्या खाली ६, ५, ४ लिहा. वरचा संघ व त्याच्या खालचा संघ यांचा सामना, असा पहिला दिवस ठरला. दुसऱ्या दिवसासाठी १ ला जागेवरच ठेवा आणि बाकीच्या पाचांना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक जागा पुढे सरकवा. ६ हा २ च्या जागी जाईल, २ हा ३ च्या जागी, ३ खालच्या ओळीत उतरेल आणि ४ व ५ डावीकडे सरकतील. असे रोज करीत गेले, की पुढील तक्ता तयार होतो.

पहिला दिवस: १–६, २–५, ३–४
दुसरा दिवस: १–५, ६–४, २–३
तिसरा दिवस: १–४, ५–३, ६–२
चौथा दिवस: १–३, ४–२, ५–६
पाचवा दिवस: १–२, ३–६, ४–५

हा तक्ता नीट तपासून पाहा. पंधरा सामन्यांतील एकही सुटलेला नाही व एकही दुसऱ्यांदा आलेला नाही. असे का घडते? कल्पना करा, की २ ते ६ हे पाच जण रिंगण करून उभे आहेत आणि १ मध्ये उभा आहे. रोज रिंगणातील एक जण मधल्याशी खेळतो. उरलेल्या चौघांत एक जोडी शेजाऱ्यांची असते आणि दुसऱ्या जोडीतील दोघांच्या मध्ये एक जण असतो. रिंगणात शेजाऱ्यांच्या जोड्या पाच, एकाआडच्या जोड्याही पाच आणि मधल्याशी होणाऱ्या जोड्याही पाचच. रिंगण रोज एक जागा फिरते, त्यामुळे प्रत्येक प्रकारची एकेक नवी जोडी रोज पुढे येते. पाच दिवसांत तिन्ही प्रकार पुरे होतात. ऑस्ट्रियातील बुद्धिबळपटू योहान बेर्गर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखळी सामन्यांचे असे तक्ते प्रसिद्ध केले. बुद्धिबळाच्या जगात ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

आता समजा, ऐन वेळी भेंडाळ्याचा संघ येऊ शकला नाही. संघ पाच उरले, आणि पाचांच्या पुऱ्या जोड्या लागत नाहीत. तरी तक्ता फाडून टाकण्याचे कारण नाही. ६ या क्रमांकापुढे ‘विश्रांती’ असे लिहा. ज्याची गाठ ६ शी पडेल, तो त्या दिवशी विश्रांती घेईल. पहिल्या दिवशी गंगापूर, दुसऱ्या दिवशी कायगाव, मग लासूर, शेंदूरवादा आणि शेवटी वाळूज. प्रत्येकाच्या वाट्याला एकच विश्रांती येते. कोणाला अधिक नाही, कोणाला उणी नाही. सन १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बुद्धिबळाच्या प्रसिद्ध झुरिक स्पर्धेत १५ खेळाडू होते व प्रत्येकाला प्रत्येकाशी दोन डाव खेळावयाचे होते. पंधरा गुणिले चौदा, म्हणजे २१० डाव झाले. आणि खेळाडूंची संख्या विषम असल्यामुळे प्रत्येक फेरीत एक जण विश्रांती घेत असे. आपल्या कबड्डीच्या प्रो कबड्डी लीगमध्येही सन २०१९ साली १२ संघ परस्परांशी दोन-दोनदा खेळले. साखळीचे सामने झाले १३२.

स्पर्धा संपली, तरी गणिताचे काम संपत नाही. प्रत्येक सामन्यात कोणीतरी जिंकलेच असेल, तर सर्व संघांच्या विजयांची बेरीज पंधराच यावयास हवी. फलकावर ४, ४, ३, ३, २ आणि ० असे विजय लिहिलेले दिसले, तर बेरीज सोळा होते. कोठेतरी एक विजय चुकून जास्त लिहिला गेला आहे. कोणावरही संशय न घेता, कोणाशी वाद न घालता, ही चूक नुसत्या बेरजेने उघड होते. आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सहा संघांचे विजय सारखे असणे कधीच शक्य नाही. कारण पंधराचे सहा समान भाग पूर्णांकात पडत नाहीत. पाच संघांत मात्र दहा सामने होतात, आणि प्रत्येकाला दोन-दोन विजय मिळून सर्वच बरोबरीत राहणे शक्य असते.

खेळात हार-जीत ही होणारच. ती खेळाडूंच्या बळावर व कौशल्यावर सोडून द्यावी. परंतु प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळण्याची संधी एकदा आणि एकदाच मिळेल, हे पाहणे आयोजकांचे कर्तव्य आहे. कोणी सुटू नये व कोणी दोनदा मोजला जाऊ नये, एवढेच या गणिताचे सूत्र. न्यायाचे सूत्र तरी याहून वेगळे काय आहे?

पुढील वर्षी स्पर्धेत आठ संघ आले, तर सामने किती होतील व दिवस किती लागतील? मैदाने या वेळी चार असतील असे समजा. कागद-पेन्सिल घ्या, पहिल्या संघाला जागेवर बसवा आणि बाकीच्या सातांचे रिंगण फिरवू लागा.