समुद्रकाठचा इंचभर मासा आणि आपला मामा तलाव

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानापासून समुद्र शेकडो मैल दूर. तिथल्या माशांचा अभ्यास आपल्या काय कामाचा, असे तुम्ही म्हणाल. पण डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचे काम ऐका, मग गावच्या तलावाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

कुलकर्णी हे मत्स्य खात्यातले शास्त्रज्ञ. पुढे ते महाराष्ट्राचे मत्स्यसंचालक झाले. मुंबईकडच्या खाड्यांत इंचभर लांबीचा, काचेसारखा आरपार दिसणारा एक मासा असतो. 1940 साली कुलकर्णींनी तो शास्त्राला अगदी नवा असल्याचे दाखवून ‘होराइक्थिस सेटनाई’ असे त्याचे नाव ठेवले. नाव ठेवून ते थांबले नाहीत. त्याची वीण कशी होते, अंडे कसे वाढते, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. या माशाचा नर आपले रेत इवल्याशा पुडीत घालून मादीच्या अंगाला चिकटवतो आणि मादी मागाहून अंडी घालते!

हीच नजर घेऊन ते पुढे नदीतल्या खडशीकडे, म्हणजे महसीरकडे वळले. लोणावळ्याच्या तलावातील खडशीची वीण त्यांनी अभ्यासली आणि 1971 साली ती माहिती प्रसिद्ध केली. पिकलेल्या मादीचे पोट हलके दाबून अंडी घ्यायची, त्यांत नराचे रेत मिसळायचे आणि स्वच्छ, खेळत्या पाण्यात ती उबवायची. रोहू-कटल्याची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. खडशीच्या अंड्यांना तीन दिवसांच्या आसपास लागतात. अशी तयार झालेली बोटुकली पुढे इतर राज्यांतही गेली.

आता आपल्या तलावाचे पाहू. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांचे बी दरवर्षी सोडावेच लागते. मरळ, शिंगी, मागूर मात्र तलावात आणि धानाच्या बांध्यांत आपोआप वाढतात. त्यांचे बी फुकट मिळते, पण राखले तरच! पहिल्या पावसात चढणीच्या माशांवर सारा गाव तुटून पडतो. त्या माशांच्या पोटात पुढच्या वर्षीचे पीक असते. पाण्यावर मरळीच्या तांबूस पिलांचा पुंजका दिसला, की खाली आईबाप राखणीला असतात. ते मारले, की पिले इतर माशांच्या तोंडी गेलीच म्हणून समजा. आणि नाल्यात कीटकनाशक ओतून मासे मारणे म्हणजे बियाण्याची कणगीच पेटवणे. तेच पाणी खाली गुरे पितात, माणसेही पितात.

कोकण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. आपणही ढिवर बांधवांच्या सोसायटीला सोबत घेऊन ग्रामसभेत ठरवावे: पावसाच्या सुरुवातीचे काही आठवडे चढणीच्या वाटेवर जाळे नाही, पिलांजवळची मरळ धरायची नाही, पाण्यात विष तर कधीच नाही. धानाचे बियाणे आपण उपाशी राहूनही राखतो. माशाचे बियाणे राखायला तर एवढेसुद्धा सोसावे लागत नाही.