कुनिओची शाळा कुठे गेली?



गेल्या महिन्यात आठवीतला एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत आमच्या खोलीत आला. हातात व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट होती. काकांच्या घरी माळ्यावर टीव्हीला जोडायची पेटी सापडली, तिच्याबरोबर ही मिळाली आणि दोन्ही अजून चालतात, असे त्याने सांगितले. खेळ सॉकरचा. अक्षरे जपानी. पडद्यावर शाळकरी मुले खेळताना दिसतात. पुढे त्याला हाच खेळ इंग्रजीतही पाहायला मिळाला. मैदान तेच, पळणे तेच, पण संघ मात्र ब्राझील आणि अर्जेंटिनाचे! त्याने विचारले, "सर, यातला खरा खेळ कोणता?"

उत्तर आम्हाला येत नव्हते. 'शोधून सांगतो' असे म्हटले आणि शोधले. जे सापडले ते एका मुलाला सांगून संपण्यासारखे नव्हते, म्हणून या अंकात सर्वांसाठी देत आहोत. आपल्या फुटबॉल संघाच्या जर्सीचा विषय सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. त्याच्याशीही याचा संबंध आहे. तो शेवटी सांगू.

जपानमधला खेळ

हा खेळ टेक्नोस जपान या कंपनीने तयार केला आणि तो मे १९९० मध्ये जपानात आला. त्याचे नाव लांबलचक आहे : 'नेक्केत्सु कोको डॉजबॉल-बु : सॉकर-हेन'. नेक्केत्सु म्हणजे उसळत्या रक्ताचा, कोको म्हणजे हायस्कूल, बु म्हणजे मंडळ आणि हेन म्हणजे प्रकरण. थोडक्यात, 'उसळत्या रक्ताच्या हायस्कूलचे डॉजबॉल मंडळ : सॉकर प्रकरण'.

सॉकरच्या खेळात डॉजबॉल मंडळ कुठून आले? गोष्ट अशी आहे. नेक्केत्सु हायस्कूलच्या सॉकर मंडळाची मॅनेजर एक विद्यार्थिनी आहे. ती डॉजबॉल मंडळाकडे मदत मागते. त्या मंडळाचा कप्तान कुनिओ आपल्या सवंगड्यांना घेऊन मैदानात उतरतो आणि जपानभरच्या शाळांशी सामने खेळतो. जपानी शाळांत तास संपल्यावर अशी मंडळे चालतात. मुलांचा बराचसा दिवस त्यांतच जातो. हायस्कुलांची राष्ट्रीय सॉकर स्पर्धा तर तिथे शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. त्यामुळे जपानी मुलाला यातले काही समजावून सांगावे लागत नव्हते.

कुनिओही तिथल्या मुलांच्या ओळखीचा होता. योशिहिसा किशिमोतो यांनी १९८६ च्या एका मारामारीच्या खेळात त्याला प्रथम आणले होते. किशिमोतोंनी त्यात स्वतःच्या हायस्कूलच्या दिवसांतले अनुभव घातले होते, आणि नायकाचे नाव कंपनीचे अध्यक्ष कुनिओ ताकी यांच्यावरून ठेवले होते. कुनिओ हा डोक्याने गरम, हाताने चलाख, पण मित्रासाठी धावून जाणारा मुलगा आहे. सॉकरमध्येही त्याचा स्वभाव सुटत नाही. या खेळात फाउल नाही. धक्का द्या, पाडा, पंच शिट्टी वाजवत नाही. फार मार बसलेला खेळाडू मैदानातच बेशुद्ध पडून राहतो!

परदेशातला खेळ

त्याच वर्षाच्या अखेरीस हा खेळ अमेरिकेत गेला आणि त्याचे नाव झाले 'निन्टेन्डो वर्ल्ड कप'. कुनिओ गेला, मॅनेजर मुलगी गेली, नेक्केत्सु हायस्कूल गेले. शाळांच्या जागी १३ देशांचे संघ आले. खेळणाऱ्याने त्यांतला कोणताही देश निवडावा आणि बाकीच्यांना हरवत जावे. चार जणांना एकत्र खेळण्याची सोयही त्यात होती.

हा बदल अडाणीपणाने झालेला नाही, हे लक्षात घ्यावे. १९९० साली ८ जून ते ८ जुलै या काळात इटलीत विश्वचषक झाला होता. कॅमेरूनने पहिल्याच सामन्यात गतविजेत्या अर्जेंटिनाला हरवले होते. अमेरिकेचा संघ ४० वर्षांनी विश्वचषकात खेळला होता आणि १९९४ ची स्पर्धा अमेरिकेतच व्हायची होती. परदेशातल्या मुलाला सॉकर म्हटले की देशांचे झेंडे आठवत होते. 'डॉजबॉल मंडळ : सॉकर प्रकरण' असे नाव पाहून त्याने कॅसेट खाली ठेवली असती.

जपानात चित्र उलटे होते. १९९० पर्यंत जपान एकदाही विश्वचषकात पोहोचला नव्हता. तिथली व्यावसायिक लीग १९९३ मध्ये सुरू झाली. म्हणून जपानी मुलाच्या मनातले सॉकर म्हणजे शाळेचे सॉकर. गंमत पाहा, परदेशी आवृत्तीतल्या १३ देशांत जपानही आहे! प्रत्यक्षात तो मान जपानला १९९८ मध्ये फ्रान्समध्ये मिळाला आणि पहिल्या सामन्यात अर्जेंटिनाकडून ०-१ असा पराभव पत्करावा लागला. खेळाने जपानला आठ वर्षे आधीच विश्वचषकात नेऊन ठेवले होते.

हे बदल करतात कसे?

ज्या विद्यार्थ्यांना संगणकाची आवड आहे त्यांच्यासाठी थोडे तंत्र. निन्टेन्डोच्या त्या यंत्रात पडद्यावरचे चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या छोट्या चौकोनी तुकड्यांचे बनते. खेळाडूच्या एका तुकड्यात तीनच रंग वापरता येतात. ते कोणते, हे आकड्यांच्या एका छोट्या तक्त्यावरून ठरते. तक्त्यातला आकडा बदलला की निळी जर्सी पिवळी होते. नवे चित्र काढावे लागत नाही. अक्षरे हीसुद्धा या यंत्राला चित्रेच. जपानी अक्षरांचे तुकडे काढून रोमन अक्षरांचे तुकडे ठेवले की भाषा बदलायला वाट मोकळी होते. अडचण जागेची असते. कॅसेटमधली जागा मोजकी, आणि जपानीत चार अक्षरांत मावणारा शब्द इंग्रजीत दहा अक्षरे मागतो. म्हणून अशा बदलांत संवादांवर सहज कात्री चालते.

आमच्या विद्यार्थ्याकडे जपानी कॅसेट कशी आली, तेही यातून कळले. १९९० च्या दशकात आपल्याकडे घरोघरी ज्या टीव्ही गेमच्या पेट्या आल्या, त्यांतल्या पुष्कळशा निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. जपानी कॅसेटला ६० पिना असत, अमेरिकन कॅसेटला ७२. आपल्या पेट्यांची खाच ६० पिनांची होती. त्यामुळे कुनिओ आपल्या मूळ नावानिशी माळव्यापर्यंत येऊ शकला.

काय उरले, काय हरवले

मुलांनो, आता महत्त्वाचा मुद्दा. गोष्ट काढली, तरी त्या गोष्टीतून आलेल्या सवयी खेळात तशाच राहिल्या. एका संघात सहाच खेळाडू. त्यांतल्या एकालाच आपण चालवायचे आणि बाकीच्यांना 'पास दे', 'शूट कर' असे सांगायचे. जपानी खेळात हे अगदी सरळ आहे, कारण आपण कुनिओ आहोत, कप्तान आहोत आणि हे आपले सवंगडी आहेत. परदेशी खेळात तोच नियम उगीच केलेला वाटतो. फाउल नसण्याचेही तसेच. कुनिओचा स्वभाव माहीत असेल तर हसू येते. पण ब्राझील आणि इटलीचे राष्ट्रीय संघ एकमेकांना बेशुद्ध पाडत आहेत आणि पंच गप्प आहे, याला काय म्हणावे? खेळ मजेदार राहिला, पण तो असा का आहे हे सांगणारे कोणी उरले नाही.

याच्याशी ताडून पाहण्यासारखे दुसरे उदाहरण 'कॅप्टन त्सुबासा'चे आहे. योइची ताकाहाशी यांची ही सॉकरची चित्रकथा १९८१ पासून जपानी साप्ताहिकात येऊ लागली. टेक्मो कंपनीने १९८८ मध्ये तिच्यावर व्हिडिओ गेम काढला. तोही १९९२ मध्ये परदेशी गेला, तेव्हा त्सुबासाचा रॉबिन फील्ड झाला. चेहराही बदलला. याच कथेची दूरदर्शन मालिका देशोदेशी गेली, तिथेही नावे बदलली. इटली आणि स्पेनमध्ये नायक ऑलिव्हर झाला, अरबी भाषेत माजिद. पण मालिकेत चेंडूवर जीव लावणारा मुलगा, त्याचा संघ आणि त्याची जिद्द जागेवर राहिली. अरब देशांतल्या मुलांनी 'कॅप्टन माजिद'ला आपला मानला. इतका, की २००४ मध्ये जपानने इराकमधल्या समावा शहराला पाण्याचे टँकर दिले, तेव्हा ओळख पटावी म्हणून त्यांवर याच मुलाचे चित्र लावले होते.

आपल्या नाटककारांना ही गोष्ट चांगली माहीत होती. गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरचा ऑथेल्लो मराठीत आणला तो 'झुंझारराव' म्हणून. नाव बदलले, वेष बदलला, पण संशयाने घर कसे जळते ती गोष्ट सोडली नाही. आम्हाला यातून एवढेच दिसते की नाव बदलल्याने फारसे बिघडत नाही. 'हे असे का' याचे उत्तर काढून टाकले की बिघडते.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. आमच्या आडनावात 'ळ' आहे. शाळेच्या हजेरीपटावर पहिल्या दिवशीच त्याचा 'ल' झाला, तो पदवीच्या प्रमाणपत्रापर्यंत 'ल'च राहिला. गुरुजींचा दोष नव्हता. ज्या लिहिण्यात ते अक्षर नाही, तिथे ते आणणार कुठून? आम्हाला त्याचे कधी दुःख झाले नाही, कारण संध्याकाळी घरी आजी 'ळ'नेच हाक मारत असे. घरची हाक बंद पडली असती, तर मात्र त्या 'ल'मागे काही होते हेच आम्ही विसरलो असतो.

आता जर्सी. काही पालकांची सूचना आहे की जिल्हा स्पर्धेसाठी संघाला एखादे झोकदार इंग्रजी नाव द्यावे, शाळेचे नाव जुनाट वाटते, समोरच्या संघातली मुले हसतात. ही अडचण खरी आहे आणि मुलांना ती टोचते, हे आम्ही पाहिले आहे. आमचे मत असे : नाव नागरीत लिहा, रोमनमध्ये लिहा, रंग बदला, टोपणनाव हवे तर पाठीवर घाला. पण छातीवरचे शाळेचे नाव काढू नये. आणि कोणी हसले तर उत्तर देता यावे, म्हणून ही शाळा कोणी, कशासाठी काढली हे संघातल्या प्रत्येक मुलाला सांगता आले पाहिजे. ते आपण त्यांना नीट सांगितलेले नाही, ही चूक मुलांची नाही, आमची आहे. येत्या शनिवारपासून प्रार्थनेनंतरची दहा मिनिटे आम्ही त्यासाठी ठेवत आहोत. निर्णय अर्थातच विश्वस्त मंडळाचा.

आणि त्या विद्यार्थ्याला उत्तर : बाळा, दोन्ही खेळ खरे आहेत. परदेशातल्या लाखो मुलांनी मनापासून खेळलेला खेळ खोटा कसा म्हणायचा? पण एक बातमी तुला आवडेल. टेक्नोस कंपनी १९९६ मध्ये बंद पडली, तरी तिचे जुने खेळ पुढे दुसऱ्या कंपनीने सांभाळले, आणि २०२० मध्ये एका संग्रहात हा जपानी खेळ इंग्रजी भाषांतरासह निघाला. या वेळी कुनिओ कुनिओच आहे, संघही नेक्केत्सु हायस्कूलचाच आहे. परदेशी जाऊन हरवलेली शाळा ३० वर्षांनी परत मिळाली.

परीक्षा संपल्यावर दोन्ही खेळून पाहा, आणि तुला काय वाटले ते पुढच्या अंकासाठी लिहून दे. मराठीत लिही. शुद्धलेखनाच्या चुका आम्ही तपासू. आमच्याही होतात.

— मुख्याध्यापक